गालिच्यावर न बसलेली आत्या

आज सकाळी यू-बानच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, जिन्यापाशी श्पार्गेलचा ठेला पुन्हा लागला आणि मला पुन्हा राग आला.

श्पार्गेल म्हणजे पांढरी शतावरी. दिसायला खडूच्या जाड कांडीसारखी. सोलायची, उकडायची, वर वितळलेलं लोणी ओतायचं. इथली माणसं वर्षभर तिची वाट बघतात. बर्लिनमध्ये वसंत आल्याचं झाडांना उशिरा कळतं, त्या ठेल्याला आधी. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एरवी जिन्यात 'हालो'च्या पुढे जात नाहीत, पण आज त्यांनी मला पेंढी उंचावून दाखवली, घरात बाळ जन्मल्यासारखी. मी मान हलवली आणि पुढे झाले. भाजीचा काही दोष नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत, याच ठेल्यावरून उजवीकडे वळून मी तुमच्या आत्याच्या तालमींना जात असे. वर्ष गेलं की राग निवळेल असं वाटलं होतं. निवळला नाही.

सई, ओजस, तुम्ही ऑकलंडहून आजीला विचारलंत की आत्याने तो ग्रुप का सोडला. फोनवर मी 'मोठी गोष्ट आहे' म्हणून टाळलं. खरं म्हणजे मला फोनवर रागावता येत नाही. समोर तुमचे चेहरे हलतात, मध्येच गोठतात आणि माझं वाक्य वाया जातं. म्हणून लिहिते आहे.

त्या ग्रुपचं नाव लिहीत नाही. रागात लिहिलेल्या मजकुरात नाव घातलं की पुढे ते काढता येत नाही. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात नोकरी केली आहे, एवढी शिस्त माझ्या अंगात आहे. ते सात वादक. बेल्जियममध्ये, फ्लेमिश लोकांच्या गेंट शहरात, कालव्याकाठच्या एका बंद पडलेल्या लाँड्रीत त्यांनी सुरुवात केली. मेलेल्या संगीतकारांचं वाजवायला जगात भरपूर लोक आहेत, आपण जिवंत माणसांनी आज लिहिलेलं वाजवायचं, एवढाच त्यांचा हट्ट. सुरुवातीच्या काही वर्षांत समोर बसलेल्यांपेक्षा वाजवणारे जास्त असत. मग शाळा, मग चर्चचे हॉल, मग दुसऱ्या देशांतून बोलावणी. समोर उभा राहून हातवाऱ्यांनी सांगणारा एक कंडक्टर त्यांच्यात कधीच नव्हता. सगळं एकमेकांकडे बघून आणि प्रत्येक निर्णय हात वर करून, मतं घेऊन. ही सगळी मांडणी ग्रीटची. ग्रीट क्लॅरिनेट वाजवते, साठीची आहे, कात्रीने स्वतःचे केस स्वतः कापते आणि ते दिसतं.

मेधा, म्हणजे तुमची आत्या, त्यांच्यात गेली तेव्हा ती गेंटला शिकत होती. कोल्हापुरात शाळेतल्या गोव्याच्या सिस्टरकडे व्हायोलिन, आणि तिथे गेल्यावर व्हायोला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. आवाज घोगरा आणि सहसा कोणी लक्ष न देणारा. लहानपणापासून मेधाला मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायला आवडायचं. तिला वाद्य बरोबर सापडलं.

पहिल्यांदा तिचा कार्यक्रम ऐकला तेव्हा मला वाटलं वाद्य बिघडलं आहे. सूर नाहीच. गज तारेवर इतका हळू ओढायचा की नुसती कुजबुज यावी. ग्रीट क्लॅरिनेटमध्ये फुंकत होती, पण आवाज फक्त श्वासाचा आणि वाद्याच्या कळांच्या खटखटीचा. मी पर्समध्ये लवंग शोधत बसले. आणि मग मध्येच, कुठलीही सूचना न देता, तो आवाज माझ्या ओळखीचा झाला. परीक्षेचा मोठा हॉल. प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर पहिली दहा मिनिटं कोणी काही लिहीत नाही, पंखे फिरतात, कोणीतरी खाकरतं. मग एक पेन, मग चार, मग शेकडो पेनं एकदम कागदावर. तो आवाज मी कित्येक वर्षं दर मार्च-एप्रिलमध्ये ऐकला आहे आणि त्याला आवाज म्हणतात हे मला कधी सुचलंच नव्हतं. गेंटच्या त्या हॉलमध्ये कोणा बेल्जियन मुलाने लिहिलेलं ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईंना वाटलं मला सर्दी झाली आहे.

त्यानंतर मी दर वर्षी आपल्याकडे उन्हाळा लागला की मेधाकडे येते, आणि ती जिथे वाजवेल तिथे ऐकायला जाते.

गेल्या वर्षी त्या मंडळींचा पूर्ण हंगाम बर्लिनमध्ये होता. मेधा आधीपासून इथे राहत होतीच, बाकीचे तात्पुरत्या खोल्या घेऊन आले. तालमीला शहराच्या वेडिंग नावाच्या भागातल्या एका जुन्या छापखान्याचा वरचा मजला. लांब खिडक्या, खाली अंगणात चेस्टनटचं झाड, फुलांचे पांढरे तुरे, आणि जमिनीत शाईचा वास इतका मुरलेला की हिवाळाभर बंद राहूनही गेला नव्हता. एका मोठ्या सभागृहाने त्यांना बोलावलं होतं. हंगामाच्या शेवटचा कार्यक्रम आवडला तर पुढची तीन वर्षं तिथेच मुक्काम, म्हणजे नियमित काम आणि पैसे, मिळणार होते. सात जणांपैकी पाच जण दर महिन्याला भाड्याच्या काळजीत असत, हे मला माहीत आहे. तेव्हा हा मुक्काम म्हणजे काय होतं, हेही मला कळतं. राग आंधळा आहे असं समजू नका.

आता त्यांची एक रीत सांगते, कारण सगळं त्यावर घडलं. तालमीत त्यांच्यासमोर एक खुर्ची असते आणि तिच्यात संगीतातलं काही न कळणारं एक माणूस बसवतात. त्याने ऐकायचं. ऐकताना ज्या क्षणी लक्ष उडेल, भाजीचा, बसचा, गुडघ्याचा विचार मनात येईल, त्या क्षणी हात वर करायचा. वादकांनी तिथेच थांबायचं. का, कसं, कोणी विचारायचं नाही. त्या जागेपासून पुन्हा वाजवायचं, नाहीतर लिहिणाऱ्याने ती जागा बदलायची. लाँड्रीच्या दिवसांत ग्रीटचा विमा एजंट सासरा तिला न्यायला आला होता, तो म्हणाला, "तिथपर्यंत ठीक होतं गं, मग मी रात्रीच्या जेवणाचा विचार करायला लागलो." ग्रीटने ती जागा दहा वेळा वाजवून पाहिली आणि तिला पटलं. तेव्हापासून खुर्ची.

गेल्या वसंतात त्या खुर्चीत मी होते. मी ते काम परीक्षेच्या पर्यवेक्षकाइतकं गंभीरपणे केलं. पाठ ताठ, पर्स खाली, मोबाइल बंद. हात वर केला की ग्रीट विचारायची, "इथे?" मी म्हणायचे, "इथेच." बस्स. आयुष्यात इतक्या थोड्या शब्दांत माझं कोणी इतकं ऐकलेलं नाही.

मग एक दिवस त्या सभागृहाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लिंडनर आल्या. उंच, हसऱ्या, गळ्यात मोठ्या लाकडी मण्यांची माळ. शेवटच्या कार्यक्रमासाठी त्यांची एक कल्पना होती. मध्यभागी गालिचा. त्यावर मेधा, अनवाणी, साडीत. मागे तंबोऱ्याचा सूर, तो रेकॉर्ड केलेला चालेल. बाकीचे सहा जण अंधारात. वाउट नावाचा ग्रुपचा तरुण संगीतकार नवीन रचना लिहील. विषय: मुळांकडे परत.

"बघा, ती इतकी वर्षं आमचं वाजवते आहे," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "आता तिला तिचं वाजवू द्या ना."

तिचं! अकरा वर्षं तुमच्या माणसांनी खरडलेल्या प्रत्येक खुणेचा अर्थ लावत बसली ती कोणाचं वाजवत होती? रविवारी इमारतीत शांतता पाळायची म्हणून बाथरूममध्ये टॉवेल टांगून, टबच्या काठावर बसून ती कुजबुजीचा सराव करायची, तेव्हा ते तिचं नव्हतं, मग कोणाचं होतं? मी हे मोठ्याने बोलले नाही. मेधा माझ्याकडे बघत होती आणि तिच्या भुवया म्हणत होत्या, आई, गप्प.

फ्राऊ लिंडनर मग माझ्याकडे वळल्या. खुर्चीत बसलेली भारतीय आई म्हणजे त्यांना बोनसच वाटला असणार.

"तुमच्या आईची गाणी तुम्हाला येत असतील. जात्यावर दळताना म्हणायच्या ती?"

"माझी आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती," मी म्हटलं. "दळण गिरणीत टाकून ती ड्यूटीला जायची."

"ओह. मग झोपवताना काही गात असतील?"

"नाइट शिफ्ट असायची. आम्ही आपले आपण झोपायचो."

"पण काहीतरी असेलच!"

"शाळेत इंग्रजी प्रार्थना म्हणायचो. म्हणून दाखवू?"

वाउट खाली बघून हसला. फ्राऊ लिंडनर 'गेनाऊ, गेनाऊ' म्हणाल्या. ते 'अगदी बरोबर'साठी म्हणतात, आणि 'मी ऐकलं नाही'साठीही.

त्या आठवड्यात पेठेवहिनी भेटल्या. जर्मनीतल्याच एश्बॉर्न गावाहून नवऱ्याच्या बदलीमुळे बर्लिनला आलेल्या, मनाने चांगल्या, दर गणपतीला मेधाकडून व्हायोलिनवर आरती वाजवून घेणाऱ्या. त्यांना बातमी कळली होती.

"काकू, बरं झालं बाई! रागावू नका हं, पण आतापर्यंत मेधाताईंचं वाजवणं म्हणजे कुठेतरी दार करकरतंय असं वाटायचं. आता आम्हालाही काही कळेल."

"मग दार लावून घ्यायचं," मी म्हटलं. त्यांना तो विनोद वाटला. मलाही नंतर बरं वाटलं की त्यांना तसं वाटलं. पण एकीकडून ही मंडळी ओढत होती, दुसरीकडून ती, आणि दोघांनाही माझी मुलगी एकाच गालिच्यावर हवी होती. मला आजही राग येतो तो जास्त याचाच. परक्यांनी ओळखलं नाही तर समजू शकते. आपल्यांनी?

मतं घेतली. सातांत चार गालिच्याच्या बाजूने. ग्रीटचा हात त्या चारांत होता. मेधाने विरोधात हात वर केला, एक शब्दही बोलली नाही. बाकीच्यांना वाटलं संकोच आहे. चेलोवाल्याने तिच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, "आम्ही हे तुझ्यासाठी करतोय." सांगते, त्याने ते मनापासून म्हटलं होतं. मनापासून म्हटलेल्या गोष्टींवर रागावणं फार अवघड असतं, तरी मी जमवलं.

घरी मी म्हटलं, "तू बोलत का नाहीस?"

"बोलले की. हात वर केला."

"तो विरोधाचा हात होता. मी कारण म्हणते आहे."

"आई, तिथे कारणं सांगावी लागत नाहीत. म्हणून तर मला तिथे आवडतं." मग भाताला फोडणी देता देता म्हणाली, "आवडायचं."

पहिली तालीम. वाउटने लिहिलेलं वाईट नव्हतं. तो हुशार मुलगा, रात्र रात्र जागून त्याने इंटरनेटवर राग ऐकले होते. मेधा अजून साडीत नव्हती, पण गालिचा आला होता, लाल, कडेला झालरी. तिने बूट काढले नाहीत. काठावर उभी राहिली. फ्राऊ लिंडनर भिंतीपाशी. तंबोरा सुरू झाला, मेधाने गज टेकवला, आणि मी हात वर केला.

ग्रीट थांबली. "इथे?"

"इथेच."

"पण आत्ता कुठे सुरुवात..." वाउट म्हणाला.

"नियम म्हणजे नियम," ग्रीट म्हणाली. "पुन्हा."

तंबोरा. गज. हात.

"इथे?"

"इथेच."

वाउट कानापर्यंत लाल झाला. फ्राऊ लिंडनर हसून कोणाला तरी कुजबुजल्या की बाईंना भरून आलं आहे. तिसऱ्यांदा मी हात वर केला तेव्हा मेधाने व्हायोला खाली घेतला आणि सगळ्यांसमोर मराठीत म्हणाली, "आई, पुरे. हात खाली घे."

"का? माझं लक्ष नाही."

"तुझं लक्ष आहे. कधी नव्हे इतकं आहे. या खुर्चीत बसून खोटं बोलायचं नाही."

मला! हॉलमध्ये कॉपी करणाऱ्यांना मी लांबून पाठीवरून ओळखत असे, आणि मला ती खोटी म्हणाली. माझं मत आजही वेगळं आहे. रागावलेल्या माणसाला ऐकू येत नाही. माझं लक्ष रागाकडे होतं, संगीताकडे नव्हतं, तेव्हा हात बरोबर वर होता. पण मी खाली घेतला. तिच्या आवाजात काहीतरी होतं ते मी तिच्या लहानपणी एकदाच ऐकलं होतं, सिस्टरनी तिचं चुकलेलं बोट स्पर्धेत कोणाला कळणार नाही म्हटलं होतं तेव्हा.

मग ती त्यांच्याकडे वळली आणि फ्लेमिशमध्ये बोलली. मला ती भाषा येत नाही, रात्री तिने मला सांगितलं ते असं: "माझ्या आईला थांबवलं, आता मी बोलते. मला हे संगीत येत नाही. मी ते शिकलेले नाही. वाउटने जिथून ऐकलं तिथूनच मीही परवा ऐकलं. जे येत नाही ते आपण इथे कधी वाजवलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला मी, हे तुमचं मूळ म्हणून, ॲकॉर्डियन घेऊन लाकडी बुटांत उभं केलं नाही. मी माझ्या खुर्चीत बसून माझा व्हायोला वाजवेन. गालिच्यावर बसणार नाही."

  मला वाटलं, झालं, जिंकली. मग ग्रीट म्हणाली, इंग्रजीत, म्हणजे मलाही कळावं म्हणून असेल, "ठीक आहे. मग गालिच्यासाठी दुसरं कोणी शोधू."

दुसरं कोणी आठवड्याच्या आत सापडलं. त्यांचं नाव यॉर्ग. सतार वाजवतात, बनारसला बरीच वर्षं राहिलेले, माझ्यापेक्षा शुद्ध नमस्कार करणारे. मांडी घालून तासन्‌तास बसतात. मला आता खुर्ची लागते. त्यांच्यावर माझा जराही राग नाही. ते ते शिकले होते. गुरूंची बोलणी खाल्ली होती, बोटांना घट्टे पडले होते. मेधाकडे मात्र जन्माचा दाखला होता आणि फ्राऊ लिंडनरना तो पुरेसा वाटला होता. हा फरक त्या सभागृहात एका यॉर्गना कळला. मध्यंतरात ते मेधाला म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात म्हणून मला काम मिळालं. पण बरोबर नाही म्हणालात."

कार्यक्रम उत्तम झाला. मला कबूल करायला त्रास होतो, पण झाला. लोक उभे राहिले. मुक्काम मिळाला. मेधा मागे, तिच्या नेहमीच्या जागी, काळी पँट, काळे बूट, कपाळाला आठी घालून कुजबुजत होती, आणि ती कुजबुज त्या सगळ्यात सर्वांत चांगली होती. मी आई आहे म्हणून म्हणत नाही, कितीतरी वेळा हात वर करून मिळवलेल्या हक्काने म्हणते. संपल्यावर एक बाई तिच्याकडे आल्या, दोन्ही हात हातात घेतले, डोळे ओले. "आज तुम्हाला घरी गेल्यासारखं वाटलं असेल!"

"मी दोन यू-बान स्टेशनं पलीकडे राहते," मेधा म्हणाली.

उन्हाळ्यात तिने ग्रुप सोडला. भांडण नाही, दार आपटणं नाही. ग्रीट घरी आली होती. मी वरण-भात वाढला, कारण आलेल्या माणसाला वाढायचं असतं. तिने दोनदा घेतला.

"तुम्ही का हात वर केलात?" मी विचारलं.

"सहा जणांना इथे राहता यावं म्हणून."

"आणि सातवी?"

तिने हातातला चमचा खाली ठेवला. "मला वाटलं, ती समजून घेईल. ती नेहमी समजून घेते."

हे मात्र नीट ऐका, सई, तू विशेष. जी मुलगी नेहमी समजून घेते, तिच्याकडून लोक पुढचं मागायला कचरत नाहीत.

आत्या आता संगीतशाळेत मुलांना शिकवते आणि आणखी दोघी वादकांबरोबर एका किंडरगार्टनच्या हॉलमध्ये, मुलं गेल्यावर, वाजवते. बुटक्या खुर्च्या, भिंतीवर कागदी सुरवंट. ऐकायला फार कोणी नसतं. ती आनंदात आहे का, हे मला नक्की सांगता येत नाही. सकाळी लवकर उठून सराव करते, एवढं दिसतं.

आणि आता मी हे लिहायला का बसले ते. काल व्हिडिओ कॉलवर तुमच्या हॉलची भिंत दिसली. कोल्हापूरच्या कुठल्याशा पेपरात आलेलं कात्रण, छान सोनेरी फ्रेममध्ये. फोटोत तो लाल गालिचा, समई, मागे मेधा, आणि कडेला यॉर्गचा अर्धा गुडघा. बाकीचे यॉर्ग कापले आहेत. खाली ठळक अक्षरांत: कोल्हापूरच्या कन्येने जर्मनीत घुमवले भारतीय सूर. तुमच्या बाबाला बहिणीचा अभिमान आहे, मला माहीत आहे. तो तिला फोन करून म्हणाला, "तायडे, शेवटी आपलं वाजवलंस!" मेधाने फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. आधीच घासलेली, स्वच्छ भांडी.

तुम्हाला अजून एवढं मराठी सरसर वाचता येत नाही, म्हणून हे बाबाने मोठ्याने वाचून दाखवायचं असं मी त्याला कळवलं आहे. तेव्हा हे वाक्य या क्षणी तोच वाचतो आहे. प्रसाद, वाचणं थांबव, स्टूल घे आणि तो फोटो उतरव. मुलं बघताहेत.